खारं पाणी आणि गंजलेलं जहाज

आमचं तेल्हारा खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि मी निघालो गोव्याच्या समुद्रात बुडी मारायला! वास्कोजवळ ग्रँड आयलंडला 'सुझीज रेक' म्हणून एक बुडालेलं मालवाहू जहाज आहे. तसं उथळच. पण मंडळी, १० मीटरवर दाब दुप्पट होतो. नाक दाबून सारखे कान मोकळे करायचे. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. आतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं.

सिनेमातलं जहाज विसरा. गढूळ पाण्यात नुसते मोडके पत्रे. खोलवर लाल रंग आधी हरवतो, म्हणून गंजही करडा दिसतो. आतून मासे मात्र मालकासारखे फिरत होते.

तेवढ्यात मास्कमध्ये पाणी शिरलं. छातीत धस्स! पाय वर पळायला निघालेच होते.. प्रशिक्षकाने दंड घट्ट धरला. मास्कची वरची कड दाबून नाकाने जोरात हवा सोडली, तसं पाणी गेलं. मग थंडी जाणवली. ४५ अंशांत वाढलेल्या माणसाचे दात वाजत होते!

रात्री आईचा फोन. "काय पाह्यलं रे बापू?"

"गंजलेले पत्रे."

"ते त आपल्या जिनिंगातही हायेत!"