संधानपात्राचे माप

भोर आणि वेल्हे या दोन भागांत ज्याने एक तरी पावसाळा काढला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको की आषाढ लागला म्हणजे डोंगरउतारावरचे गढूळ पाणी ओढ्यांतून पाणवठ्यांत उतरते, आणि त्या पाण्यामागोमाग आव, अतिसार व पोटातील मुरडा यांची साथ वाड्यावस्त्यांतून फिरू लागते. माझा वैद्यकीचा व्यवसाय भोरचा असला तरी तोरण्याच्या पायथ्याकडील गावांत जाण्याचा माझा जुना शिरस्ता आहे. त्या गावांतून येणाऱ्या रुग्णांना ज्या औषधाची मला वारंवार योजना करावी लागते ते कुटजारिष्ट. गंमत अशी, की ज्या कुड्याच्या सालीवर ते मुख्यत्वे अवलंबून आहे तो कुडा, आणि जिच्या फुलांनी त्याचे संधान होते ती धायटी, ही दोन्ही झाडे या रुग्णांच्या घरामागील डोंगरावरच वाढतात. तरीही औषध मात्र शहरातील दुकानातून बाटलीबंद होऊन परत त्यांच्या दारी येते. हा उलटा प्रवास एकदा तरी टाळावा आणि आपल्या रुग्णांपुरते अरिष्ट आपल्याच घरी सिद्ध करावे, असे माझ्या मनाने घेतले. तेव्हा ग्रंथाचा पाठ, सालीची निवड, गुळाचा कस या प्रश्नांच्याही आधी जो प्रश्न माझ्यापुढे ठाकला तो अगदी व्यावहारिक होता: भांडे केवढे घ्यावे?

कायद्याची बाजू मी प्रथम तपासून घेतली, कारण घरात काही आंबत घातले आहे असे म्हटले की आपल्या प्रांतात ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात, आणि त्याला कारणही आहे. १९४८ साली पंत सचिवांचे भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला. परवान्यावाचून मद्य करणे या कायद्याने गुन्हा ठरले, मग ते विक्रीसाठी असो वा घरच्या मंडळींसाठी. कुटजारिष्टात पडणाऱ्या मोहफुलांच्या संग्रहावरही त्याची नजर होती. १९५१ साली बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधी द्रव्यांना या बंदीच्या कक्षेतून सोडविले. औषधांविषयीच्या १९४० च्या केंद्रीय कायद्यात पुढे जे आयुर्वेदाचे प्रकरण घातले गेले, त्यात स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला उत्पादनाच्या परवान्यातून सूट ठेवलेली आहे. ही सूट वैद्याला, त्याच्या रुग्णांपुरती, आणि औषधापुरती आहे. तिची मर्यादा नजरेआड करून जो मोठमोठी पिंपे मांडील त्याने पंचनाम्याची तयारीही ठेवावी. अशा रीतीने भांड्याच्या मापाला पहिली सीमा कायद्यानेच घालून दिली.

दुसरी सीमा ग्रंथाने घातली. कुटजारिष्टाच्या पाठात कुड्याची साल एक तुळा, मनुका अर्धी तुळा, मोहफुले व शिवण प्रत्येकी दहा पळे घेऊन चार द्रोण पाण्यात त्यांचा क्वाथ करावयाचा, तो आटवून एक द्रोणावर आणावयाचा, आणि त्यात एक तुळा गूळ व वीस पळे धायटीची फुले घालावयाची, असे विधान आहे. आजच्या मापांत हा तपशील मांडला तर साल ४.८ किलो, मनुका २.४ किलो, पाणी सुमारे ४९ लिटर, आटलेला क्वाथ १२.२८८ लिटर, गूळ ४.८ किलो आणि धायटी ९६० ग्रॅम अशी जुळणी होते. गूळ विरघळला म्हणजे द्रवाचे आकारमान तीन लिटरांनी वाढते, धायटी भिजून फुगते, आणि एकूण ऐवज सोळा लिटरांच्या आसपास जातो. पात्राचा सुमारे चौथा हिस्सा रिता ठेवावा असा वैद्यपरंपरेचा दंडक आहे. म्हणजे हिशेबाने एकवीस-बावीस लिटरांचे भांडे हवे. पण बाजारातील बरण्या आपल्या हिशेबाने घडविलेल्या नसतात.

हा रिता भाग कशासाठी, हे माझ्या अमेरिकेतील भाच्याने एका संध्याकाळी दूरध्वनीवरून मला जितके स्पष्ट करून सांगितले तितके कोणत्याही अध्यापकाने सांगितले नव्हते. हा मुलगा व्यवसायाने अभियंता, पण सुट्टीच्या दिवशी घराच्या तळघरात बिअर करण्याचा त्याला छंद आहे. १९७८ साली तेथे जो कायदा झाला त्यान्वये एका प्रौढ माणसाला वर्षाकाठी शंभर गॅलन आणि दोन प्रौढांच्या कुटुंबाला दोनशे गॅलन बिअर घरच्यापुरती करमुक्त काढता येते, त्यामुळे त्याच्या छंदाला भुवयांचा उपद्रव नाही. मी त्याला माझी अडचण सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, "मामा, आमच्याकडे पाच गॅलन रसाला साडेसहा गॅलनांचे पिंप घेतात. वरची जागा फेसाची. ती दिली नाही तर फेस आपली जागा स्वतः शोधतो, आणि मग छत पुसत बसावे लागते." मी कागद घेऊन आकडे मांडले. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर, साडेसहा म्हणजे साधारण साडेचोवीस. भरलेला भाग सत्त्याहत्तर टक्के. विलायतेतील घरगुती बिअरवाले तेवीस लिटर रस तीस लिटरांच्या पिंपात घालतात. तेथेही भाग तोच. आमचा तीन चतुर्थांशाचा दंडक आणि त्यांचा अनुभव परस्परांना न भेटताही एकाच जागी येऊन पोहोचले होते.

त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. किण्व शर्करेचे विघटन करते तेव्हा मद्यार्क आणि अंगारवायू जवळजवळ समान वजनाने निर्माण होतात, आणि एक किलो शर्करा पूर्णपणे आंबली तर तिच्यातून अडीचशे लिटरांहून अधिक वायू बाहेर पडतो. हा सारा वायू त्या एका तोंडातून जावयाचा, आणि जाताना फेस व फुले यांना वर उचलून नेणार. बिअरच्या रसात शर्करा दहा-बारा टक्के असते. आमच्या अरिष्टात गुळाचेच प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात. त्यामुळे बिअरचा पहिला उमाळा आठवड्याभरात ओसरतो, तर अरिष्ट महिनाभर संथपणे कुजबुजत राहते आणि शेवटी गोडच उरते. परंतु अरिष्टात धायटीच्या फुलांचा जो जाड थर तरंगून वर येतो तो बिअरमध्ये नाही. हा थर भांड्याच्या तोंडाशी दाटला तर वायूची वाट कोंडते. म्हणून रित्या जागेच्या बाबतीत अरिष्टाचे भांडे बिअरच्या पिंपापेक्षाही उदार असावे, असे माझे मत बनले.

घरात दोन पर्याय आयते होते. एक, वाड्याच्या कोठीतली संस्थानकाळातील चिनीमातीची प्रचंड सट, जिच्यात सहज साठ लिटर मावावेत. आणि दुसरा, लोणच्याच्या दहा दहा लिटरांच्या बरण्या. सटीचा मोह मोठा होता. तिची झिलई शाबूत होती, तोंड हात घालून धुण्याइतके रुंद होते, आणि ती पाहून भेटीस येणारा रुग्णही वैद्याविषयी चार चांगले शब्द बोलला असता. वेल्ह्याकडून मला साल आणून देणारे एक वृद्ध शेतकरी आहेत, ज्यांना सारे गाव आबा म्हणते. त्यांना मी ती सट दाखविली, तेव्हा ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वैद्यबुवा, एवढं मोटं भांडं भरायचं म्हंजी माज्या डोंगरातली झाडं उघडी पडतील की!" मी हिशेब केला. सट दोन तृतीयांश भरावयाची तर चाळीस लिटर ऐवज, म्हणजे अडीच द्रोण क्वाथ, म्हणजे बारा किलो साल. आबा खोडाला हात न लावता जून फांद्यांची साल काढतात, आणि खोडाभोवतीची साल सोलली की झाड वाळते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. त्या पद्धतीने बारा किलो साल एका हंगामात मागणे अन्यायाचे झाले असते. शिवाय अडीच द्रोणांसाठी एकशे तेवीस लिटर पाणी आटवावे लागले असते. एका द्रोणाच्या ४९ लिटरांसाठीच मला गावकीचे लग्नकार्याचे पातेले मागून आणावे लागले. आणि एवढी सट फक्त एका द्रोणाने भरावी, तर तिचा तीन चतुर्थांश भाग हवेने भरलेला राहतो. वायूचा उमाळा ओसरला की या हवेच्या आश्रयाने आंबटपणा आणणारे जंतू बळावतात आणि अरिष्टाचे शुक्त होते, म्हणजे साध्या भाषेत सिरका.

लहान बरण्यांचा पक्षही विचारात घेण्यासारखा होता. ऐवज दोन भागांत विभागला तर एक भाग बिघडला तरी दुसरा वाचतो, हा त्यातला बळकट मुद्दा. परंतु भांडे जितके लहान तितके त्याचे पृष्ठ आतील द्रवाच्या मानाने अधिक. लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर पृष्ठ चौपट होते आणि आकारमान आठपट, हे गणित उलट दिशेनेही तितकेच खरे आहे. त्यामुळे लहान बरणी दुपारी लवकर तापते आणि पहाटे लवकर निवते, तर किण्वाला समशीतोष्ण स्थिती मानवते. आपल्या पूर्वजांनी संधानपात्र धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरण्यास सांगितले त्यामागे हाच विचार असावा.

अखेर पुण्यास बोहरी आळीत गेलो. पितळ, तांबे यांच्या वाटेस जाण्याचे कारण नव्हते, कारण आम्ल द्रव महिनाभर धातूत ठेवणे कल्हईच्या भरवशावरही योग्य नाही. चिनीमातीच्या बरण्यांत वीस लिटरांची आणि पंचवीस लिटरांची अशी दोन मापे मिळाली. वीस लिटरांचीत माझा ऐवज चार पंचमांश भरला असता, पंचवीस लिटरांचीत दोन तृतीयांशाहून किंचित कमी. दोन्ही मापे दंडकाच्या अलीकडे-पलीकडे होती. येथेही भाच्याची रीत उपयोगी पडली: ते लोक पहिले संधान मोठ्या पात्रात करतात आणि फेस उतरल्यावर रस दुसऱ्या, नेमक्या मापाच्या पात्रात गळ्यापर्यंत भरतात. म्हणजे उमाळ्याच्या काळी जागा हवी, आणि तो ओसरल्यावर जागा नको. या दोन गरजा एकाच भांड्याने भागविण्याचा हट्टच सोडून दिला की प्रश्न सुटतो. मी पंचवीस लिटरांची बरणी घेतली.

धायटी फाल्गुन-चैत्रात फुलते, तेव्हा तिची लाल फुले आबांच्या घरच्यांनी वेचून सावलीत वाळवून दिली. बरणी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, आतून तूप लावून तिला धूपन केले. क्वाथ निवल्यावर त्यात गूळ विरघळवून गाळला, धायटी घातली, आणि बरणी माजघरात भाताच्या तुसाने भरलेल्या कणगीत गळ्यापर्यंत बसविली. अठरा किलोंचा ऐवज आणि बरणीचे स्वतःचे ओझे दोन माणसांनी बेताने उचलले. पहिले काही दिवस तोंड नुसते फडक्याने बांधून ठेवले. त्या दिवसांत फुलांचा थर फेसासह असा वर चढला की वीस लिटरांची बरणी असती तर कणगीतील तुसालाही अरिष्टाचा लाभ झाला असता. वेग मंदावल्यावर झाकणाला कापडमाती केली. महिना उलटल्यावर उघडून पाहिले तो कान लावूनही आवाज येईना, तोंडाशी नेलेली जळती काडी विझेना, आणि फुले तळाशी बसलेली. वस्त्रगाळ करून अरिष्ट लहान बरण्यांत काठोकाठ भरले, काही दिवसांनी साका खाली बसला, आणि हाती चौदा लिटर स्वच्छ, गडद तांबूस द्रव आला.

या चौदा लिटरांनी मला भांड्याच्या मापाविषयी शेवटचा धडा दिला. कुटजारिष्टाची मात्रा प्रौढाला १२ ते २४ मिलिलिटर, समभाग पाण्यातून, जेवणानंतर दोन वेळा. दिवसाला चाळीस मिलिलिटर धरले तर चौदा लिटरांत साडेतीनशे दिवसांची मात्रा भरते. पंधरा दिवसांचा क्रम धरला तर वीस-बावीस रुग्णांना पुरते. माझ्याकडे आषाढ-श्रावणात या औषधास योग्य रुग्ण साधारण तेवढेच येतात. तेव्हा मापाचा विचार भांड्याच्या दुकानात सुरू न करता रुग्णांच्या वहीपासून करावा: वहीवरून मात्रा, मात्रेवरून क्वाथ, क्वाथावरून साल, आणि या सर्वांनंतर भांडे. बिअर करणाऱ्या माझ्या भाच्यालाही मी हेच सांगितले, की तुझ्या मित्रमंडळींची संख्या आधी मोज. आणि त्याला ते पटले.

माझ्या समव्यवसायी वैद्यांना माझे सांगणे एवढेच. एका दवाखान्याला एका पावसाळ्यापुरते एक द्रोण क्वाथ, संधानासाठी पंचवीस लिटरांची एक बरणी, आणि साठवणीसाठी काठोकाठ भरता येतील अशा काही लहान बरण्या, इतका सरंजाम पुरेसा आहे. इतर वाचकांनी अरिष्ट घरी करण्याच्या भरीस पडू नये. कायद्याची सूट वैद्यापुरतीच आहे आणि अतिसाराचे निदान बरणीत होत नाही. आणि ज्या वैद्याला याहून मोठे पात्र घ्यावेसे वाटेल, त्याने ते विकत घेण्यापूर्वी एकदा डोंगरात जाऊन तेथे कुड्याची झाडे किती उरली आहेत ते पाहून यावे.