आधी विचारा, मग उतरा!

कॉलेजची फील्ड ट्रिप म्हणजे काय? बस, अंताक्षरी आणि शेवटच्या रात्री उरकलेला रिपोर्ट. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हायडा ग्वाय बेटांवर मात्र फंडाच वेगळा आहे. तिथल्या सेमिस्टरची सुरुवात झाली २०१० मध्ये. आज ते ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या हायडा ग्वाय इन्स्टिट्यूटचं आहे. मुलं चक्क बेटावर राहतात. जंगल, समुद्र, जमिनीचे हक्क शिकतात आणि शिकवणाऱ्यांत इथले मूळ रहिवासी, हायडा लोकही असतात.

हा मान फुकट मिळालेला नाही, बॉस! १९८५ मध्ये दक्षिणेकडच्या लायल बेटावर लाकूडतोडीविरुद्ध हायडा लोक रस्ता अडवून उभे राहिले. त्यात आजी-आजोबाही होते. ७२ जणांना अटक झाली. पण जंगल वाचलं. १९९३ च्या करारानंतर ग्वाय हानास या राखीव भागाचा कारभार हायडा आणि कॅनडा सरकार मिळून बघतात.

तिथल्या जुन्या गावांची राखण हायडा 'वॉचमन' करतात. किनाऱ्यावर उतरण्याआधी बोटीतूनच रेडिओवर त्यांना विचारावं लागतं.

ट्रेकला गेल्यावर आपण गावकऱ्यांना विचारतो, "वाट कुठली?" "येऊ का?" असं शेवटचं कधी विचारलं होतं?