पिकअपची वही

पिकअप पंधरा वर्षांची. संकेश्वर रस्त्याला सरळ पळते. आंबोली घाटाच्या वळणांवर मात्र हौदा बाहेर झुकतो. गाडी खाली बसवून घे, असं सगळे सांगतात. पण उसाच्या पाणंदीतला मधला उंचवटा आत्ताच डिफरन्शियलला घासतो. उंची सोडायची नाही. आसापासून मडगार्डपर्यंत सुतळी धरून गाठ मारून ठेवली.

*

मिस्त्रींनी आधी पहार मागितली. कमानपाट्याच्या डोळ्याशी घालून रेटली, तर पिन खुडुक-खुडुक हलली. बुशाचं रबर चुरा होऊन हातात आलं. बुश गेला की वळणावर मागचा आस किंचित तिरका होतो आणि मागची चाकंही गाडी वळवू लागतात. मी इतकी वर्षं स्टेअरिंगला दोष देत होतो.

*

नव्या बुशाचे नट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. यू-बोल्ट चार खेपांनंतर पुन्हा आवळले.

*

जादा पाटा घालणार होतो. मिस्त्री म्हणाले, "मालक, पाटं वजन उचलत्यात. डुलणं थांबवायचं काम शॉकअपचं." खरंच आहे. पाटे कडक केले की रिकामी गाडी खड्ड्यावरून उडते, आणि उडालेलं चाक रस्ता धरत नाही. पाटे तेच ठेवले, चारही शॉकअप बदलले.

*

हवा सकाळी, टायर थंड असताना. भरल्या गाडीचा आकडा वेगळा, रिकामीचा वेगळा. एका आसावर रेडियल आणि साधा टायर मिसळायचा नाही.

*

रुंद चाकांचा मोह आवरला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: गाडीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही.

*

गुळाचे 30 किलोचे रवे तळाशीच मावतात. तेवढ्याच वजनाची मिरची केबिनच्या वर जाते, आणि गाडी वळणावर जास्त झुकते. आता गूळ खाली, मिरची वर. जड माल मागच्या आसाच्या पुढे. मागे गेला की नाक हलकं होतं आणि स्टेअरिंग तरंगतं.

*

काल भरली गाडी घाटातून उतरवली, चढायच्याच गिअरमध्ये. वळणावर पोत्यांचा दोर कुरकुरला नाही. घरी येऊन गाडी रिकामी केली, सुतळी लावली. गाठ जिथल्या तिथे.