आधी तुझा डबा, मग माझा

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हातानं काहीतरी बनवायची खाज असते. दिवसभर जे बनवतो ते हाताला लागत नाही, आणि पुढच्या रिलीजमध्ये कुणीतरी ते पुसूनही टाकतं. मग कुणी ट्रेकला जातो, कुणी ओव्हन घेऊन पाव भाजतो. मी हेडफोन अँप्लिफायर बनवला. तोही व्हॉल्वचा!

फार काही नसतं त्यात. एक १२एयू७ व्हॉल्व, दोन चॅनलना मिळून दोन आयआरएफ५१० मॉसफेट, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर आणि १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. हा व्हॉल्व १९४० च्या दशकातला, पण स्लोवाकियात अजून बनतो. बाकीचं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं. कॅबिनेट महाग पडत होतं म्हणून मागच्या दिवाळीत घरून आणलेल्या स्टीलच्या डब्याला भोकं पाडली. आईचा पोळ्यांचा डबा. अजून चौकशी चालू आहे.

रात्री फ्लॅटवर दिवे घालवून, कानाला हेडफोन लावून त्या व्हॉल्वचा नारिंगी उजेड बघत बसायचं, ही माझी चैन. रूममेट समोर बसून काही बोलला तरी कळत नाही. कळू नये म्हणूनच तर हेडफोन असतात!

तर मार्चमध्ये वसमतला घरी गेलो तेव्हा हा डबा बॅगेत होता. हळदीचे दिवस होते, घरात सगळे कामात. आप्पांचा टेप मात्र कपड्याखाली झाकून ठेवलेला. चौकशी केली तर म्हणाले, "अँप्लिफायर गेलाय. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं! आणि मी काय केलं होतं, तर कुरिअरनं एक ब्लूटूथ स्पीकर पाठवून दिला होता. तो खोक्यासकट कपाटात सापडला. त्यांच्या कॅसेटी त्यावर वाजणार होत्या कशा, हे मला पाठवताना सुचलंच नव्हतं.

आप्पांचा अँप्लिफायर म्हणजे नांदेडला एका मेकॅनिककडून बनवून घेतलेला ४४४० आयसीवाला. नव्वदच्या दशकात ज्यांनी टेप ऐकलाय त्यांना '४४४०' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. उघडून बघितला. पुढचा टोन कंट्रोलचा बोर्ड जळालेला, मागचा ४४४० चा पॉवर बोर्ड ठणठणीत. म्हणजे हवा होता फक्त प्रीअँप. आणि तो माझ्या बॅगेत होता. हेडफोनच्या जॅकमधून वायर काढून पॉवर बोर्डला जोडली की झालं!

झालं नाही.

चालू केल्याबरोबर खोक्यांतून 'धप्प' असा आवाज आला आणि आईनं आतून विचारलं, "काय पडलं रे?" त्यामागं भुंग्यासारखी गुणगुण. व्हॉल्यूमला नुसता हात लावला की कान फाटणार.

तुम्ही म्हणाल, एवढा इंजिनिअर, आधी हिशोब करायचा की! रात्री गच्चीवर बसून तोच केला. ४४४० स्वतःच आतल्या आत सिग्नल सुमारे ३७५ पट मोठा करतो. त्याला पूर्ण आवाजासाठी पंधराएक मिलिव्होल्ट पुरतात. माझा डबा देणार सहज एक व्होल्ट. हेडफोनमध्ये जी गुणगुण ऐकूही येत नव्हती, तीही ३७५ पट होऊन बाहेर पडत होती. खरं सांगायचं तर मोठं करायला तिथं कुणाची गरजच नव्हती. प्रीअँप म्हणजे सिग्नल मोठा करणारा, असं आपण समजतो. इथं त्याचं काम होतं आवाज हातात ठेवायचं, पुढच्याला झेपेल एवढंच द्यायचं.

उपाय साधा होता. डब्याच्या आउटपुटला प्रत्येक चॅनलवर १० हजार ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि १०० ओहमचा ग्राउंडला. सिग्नल शंभरावा होतो आणि डब्याची गुणगुणही शंभरावी होते. हेच रेझिस्टर डब्याच्या आधी टाकले असते तर गाणं बारीक झालं असतं आणि गुणगुण तशीच राहिली असती. जागा महत्त्वाची.

'धप्प'चं कारण आउटपुटचा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ३२ ओहमच्या हेडफोनमधून तो डोळ्याचं पातं लवायच्या आत भरतो. दहा हजार ओहममधून त्याच कामाला तीनशेपट वेळ लागतो आणि तोवर पुढच्या पॉवर बोर्डाला धक्का बसत राहतो. म्हणून नियम: आधी डबा लावायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग पॉवर बोर्ड. बंद करताना बरोबर उलटं.

दुसऱ्या दिवशी सगळं जोडलं. टेप न लावता व्हॉल्यूम पूर्ण वाढवला. शांतता! मग आप्पांनी निवडून एक कॅसेट दिली. 'सप्ताह, १९९५', माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीची. लावली तर टाळ-मृदंगाच्या मागं पुन्हा तीच घरघर.

मग मी पेटलो. अ‍ॅडॉप्टर बदलला, ग्राउंडच्या वायरी हलवल्या, टेपच्या मोटरवर संशय घेतला. मोबाईलवर स्पेक्ट्रमचं अ‍ॅप लावलं. भिंतीतल्या विजेची गुणगुण असती तर ५० किंवा १०० हर्ट्झवर खिळ्यासारखी रेघ दिसायला हवी. ही शंभरच्या खाली डुलत होती. असं कसं?

शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगोची वेधशाळा होतेय. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी. तिथल्या लोकांचा निम्मा जन्म नॉईज कुठून येतो हे शोधण्यात जाणार. माझ्या दोन तासांत मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटली.

आप्पा बाजेवर बसून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "काय शोधायलास?"

"ही घरघर. कुठून येतीय कळंना."

"ती व्हय? ती जनरेटरची आहे."

"कुठल्या जनरेटरच्या?"

"टेपातल्या. मंडपामागं ठिवलं होतं ना."

मी कोड तपासत बसलो होतो. डेटा एकदाही तपासला नव्हता. दुसरी कॅसेट लावून बघायला पाच सेकंद लागले असते!

मग आप्पा बोलायला लागले. सप्ताहात रात्री लाईट गेली तर कीर्तन थांबायला नको म्हणून गावानं जनरेटर भाड्यानं आणला होता. तो मधेच दम टाकायचा. त्याच्यापाशी बसून डिझेल बघायचं काम आप्पांकडं. सातही रात्री ते मंडपामागं होते. आजोबा पुढं मृदंगावर, आणि आप्पांना ऐकू यायचं ते फक्त इंजिन. कीर्तन त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते नंतर, मित्रानं भरून दिलेल्या या कॅसेटवर.

मी म्हटलं, "आप्पा, कॅसेट कॉम्प्युटरवर घेतो. ती घरघर बरीच कमी करता येईल."

"राहू दे," ते म्हणाले. "या टेपात सगळ्यांचा आवाज आहे. माझा तेवढाच आहे."

मी यावर काय बोलणार? आई हात पुसत येऊन दारात टेकली. तिनं मृदंग ओळखला, मग डबाही ओळखला. त्यावर जे झालं ते इथं लिहीत नाही.

एवढं मात्र कळलं की हीच कॅसेट मी पुण्याला नेऊन हेडफोनवर ऐकली असती, तर घरघर फिल्टर करून टाकली असती आणि स्वतःवर खूशही झालो असतो. आवाज खोलीत होता म्हणून आप्पा मधे बोलू शकले. इतकी वर्षं मी घरी फोन करतो, तब्येत विचारतो, पैसे पोचले का विचारतो. १९९५ च्या त्या सात रात्री कधी विषयात आल्याच नव्हत्या.

डबा तिथंच ठेवून आलो. त्यावर कागद चिकटवला: आधी हा, मग तो. पुण्यात सध्या हेडफोन लॅपटॉपलाच लावतो. काही अडत नाही.

परवा रविवारी आप्पांचाच फोन आला. मागं टाळ वाजत होते, आणि ती घरघरही.

"लावला का आज?"

"लावला की. आधी तुझा डबा, मग माझा."

"आणि बंद करताना?"

"ते बघू नंतर," आप्पा म्हणाले. "आत्ता कुठं लावलाय."