आधी गिऱ्हाईक बघ

बेळगावच्या खडेबाजारात आमचं कापडाचं दुकान. दहावीच्या सुट्टीत बाबांनी मला गल्ल्यावर बसवलं आणि एवढंच शिकवलं : "आधी गिऱ्हाईक बघ, मग तोंड उघड." खानापूरची बाई मराठी, बैलहोंगलचा शेतकरी कन्नड, शिंपी दखनी. कापड मोजता मोजता बाबा तिघांशी बोलत, पण एका भाषेतला शब्द दुसरीत सांडत नसे.

माझे आकडे सांडत. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, म्हणजे वीस आधी, पाच मागून. पहिला ऐकलेला आकडा उजवीकडे टाकायची माझी मराठी सवय, त्यामुळे पावतीवर २५ चे ५२ होत. (५२ चे २५ झाले की बाबा जास्त ओरडत.) संध्याकाळी डोकं जड व्हायचं ते बोलून नव्हे, नको असलेल्या दोन भाषा दाबून धरून.

भाची मानसशास्त्र शिकते. तिनं माझ्यावर स्ट्रूपची चाचणी करून पाहिली. १९३५ सालची, 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलेला, वाचायचा नाही, नुसता रंग सांगायचा. मराठी पानावर मी ठेचकाळले, कन्नड पानावर सुसाट. "मावशी, बहुभाषिक मेंदू!" ती हरखली. कसला मेंदू! कन्नड मी भराभर बोलते, पण वाचते अक्षर अक्षर लावत. जो शब्द वाचलाच जात नाही, तो आडवा कसा येणार?

हैदराबादच्या सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यासही तिनंच दाखवला. स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षरांतसुद्धा. लक्ष एकाग्र करण्यात बहुभाषक सरस असतात, हे मात्र पुढच्या अनेक चाचण्यांत टिकलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी पावत्या लिहिल्या आहेत.

बाबांना विसर पडू लागला तो एकोणऐंशीव्या वर्षी. एकच भाषा येत असती तर पंचाहत्तरीतच पडला असता का, कुणाला विचारणार? सांभाळायला येणाऱ्या कन्नड बाईशी ते कन्नडच बोलत, शेजाऱ्यांशी मराठी. गेल्या श्रावणात मी चहा घेऊन गेले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, उशीशी ठेवलेला टॉवेल हातावर उलगडला आणि अदबीनं विचारलं, "एन बेक्री?" काय हवंय आपल्याला?

मी म्हटलं, "ब्लाउजपीस दाखवा."