छतात मुरलेला धूर

जुनी गाडी बघायला जायचं तर मे महिन्यातल्या दुपारी, आणि तेही गाडी दोन तास उन्हात बंद उभी राहिल्यावर. पुण्याच्या वेशीवर गाड्यांच्या इंटिरिअरचं काम करणारा एक डिटेलर गिऱ्हाइकांना हे अगदी आग्रहानं सांगतो. सकाळी नऊला चारही दारं सताड उघडलेली, डॅशबोर्डला पॉलिश मारलेली आणि एसीच्या जाळीला सुगंधी डबी खोचलेली गाडी कुणालाही आवडते. तीच गाडी तापली, की दार उघडताक्षणी मागच्या मालकाची सवय कळते. हा पहिला श्वास महत्त्वाचा, कारण नाक फार लवकर सरावतं. पाच मिनिटं आत बसलेला माणूस ‘तसा फारसा वास नाही’ असंच म्हणणार. एजंटांना हे पक्कं ठाऊक असतं. ते आधी एसी लावतात, मग गिऱ्हाइकाला आत बसवतात.

उन्हाच्या आग्रहामागे साधं कारण आहे. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत. त्यातले चिकट कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. ते हवेत बराच वेळ तरंगतात आणि पोहोचतील तिथे चिकटतात. निकोटिन 247 अंश सेल्सियसला उकळतं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून थोडं थोडं उडत असतं. गार गाडीत ते कापडात, फोममध्ये, प्लॅस्टिकवर दबून बसतं आणि गाडी तापली की पुन्हा हवेत येतं. त्याच्या नात्यातले पिरिडीनसारखे उग्र वासाचे पदार्थही तसेच. काचा कितीही वेळ उघड्या ठेवल्या तरी फक्त हवा बदलते. भिंतींवर बसलेला साठा जागेवरच राहतो आणि काचा वर केल्या की नव्या हवेत उतरू लागतो.

पावसाळ्यात वेगळी तऱ्हा. हवेतला दमटपणा पृष्ठभागांवर जागा धरतो आणि तिथे ठाण मांडून बसलेल्या काही रेणूंना बाहेर ढकलतो. म्हणून मार्चमध्ये खुशीत गाडी घेऊन गेलेल्या माणसाचा जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन येतो, ‘दादा, वास परत आला.’ वास परत आलेला नसतो. तो गेलेलाच नसतो.

हे निव्वळ नाकाचं दुखणं असतं तर त्यावर एवढा खल करायची गरज नव्हती. अमेरिकेत सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या जॉर्ज मॅट आणि सहकाऱ्यांनी विक्रीला काढलेल्या जुन्या गाड्या तपासल्या आणि 2008 मध्ये निष्कर्ष मांडले. सिगारेट ओढणाऱ्यांच्या गाड्यांत धुळीत, डॅशबोर्डवर आणि हवेतही निकोटिन सापडलं. 2010 मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी क्रिया होते आणि तंबाखूतले कर्करोगकारक नायट्रोसमाइन तयार होतात. एका धूम्रपान करणाऱ्याच्या ट्रकमध्येही त्यांना हे पदार्थ आढळले. मागच्या सीटवर बसून सीटबेल्ट चघळणाऱ्या पोराचा बाप ही माहिती ऐकतो, तेव्हा घासाघीस बंद करतो.

या डिटेलरच्या गाळ्यात येणाऱ्या बहुतेक गाड्या घरगुती उपाय पचवून आलेल्या असतात. कापलेला कांदा, अर्धं लिंबू, कापूर, वाटीत कॉफीची पूड, कडुनिंबाचा पाला. एखाद्याच्या आजीनं तर गाडीत धूप फिरवलेला असतो. धूर घालवायला धूर! या सगळ्यानं थोडा वेळ दुसरा वास वर येतो, एवढंच. खाण्याच्या सोड्याची गत जरा बरी, तो सांडलेल्या दुधाच्या आंबूस वासाला उपयोगी पडतो. पण तो आम्लांशी जुळतो आणि निकोटिन स्वतःच अल्कधर्मी, तेव्हा नेमक्या या शत्रूपुढे तो हतबल. चुलीतला कोळसा ठेवणारेही भेटतात. कोळसा काम करतो, मात्र तो सक्रिय केलेला हवा. नारळाच्या करवंटीचा कोळसा फार वरच्या तापमानाला वाफेनं सक्रिय केला, की त्यात इतकी सूक्ष्म छिद्रं पडतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. त्याच्या पिशव्या सीटखाली ठेवायला हरकत नाही. पण त्या शेवटी, घासून झाल्यावर. आधी ठेवल्या तर त्या दोनचार दिवसांत भरतात आणि छतात मुरलेला धूर तसाच राहतो.

छत हा या कामातला सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. गरम धूर वर जातो आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर, खिडकीच्या कडेला सगळ्यात दाट बसतो, कारण काच दोन बोटं खाली करून ओढणाऱ्यांची समजूत असते की धूर बाहेर जातोय. नवख्या माणसाचा हात आधी सीटकडे जातो. हा डिटेलर आधी वर बघतो, सनव्हायजर खाली ओढतो आणि त्यामागे झाकलेल्या कापडाचा रंग बाकीच्या छताशी ताडून पाहतो. तिथे फरक दिसला की विक्रेत्यानं काहीही सांगितलेलं असो, चौकशी संपली.

रूफ लायनिंग म्हणजे पातळ कापड, त्यामागे काही मिलिमीटरचा फोम आणि त्यामागे पुठ्ठ्यासारखा कडक साचा. हे सगळं गोंदावर तोललेलं असतं. त्यावर थेट क्लीनरचा फवारा मारून ब्रश फिरवला, तर त्या दिवशी छत लख्ख दिसतं आणि महिन्याभरानं डोक्याला लागेल इतकं लोंबतं. आपल्याकडच्या उन्हानं तो फोम आधीच भुसभुशीत झालेला असतो; ओल मिळाली की गोंद हात सोडतो. म्हणून फवारा मायक्रोफायबरच्या फडक्यावर मारायचा, छतावर नाही. फडकं जेमतेम ओलसर, हात हलका, एकाच दिशेनं, एका वेळी वीतभर जागा. फडकं चहाच्या रंगाचं झालं की घडी पालटायची, सगळ्या घड्या संपल्या की नवं घ्यायचं. पूर्ण वाळू द्यायचं, मग दुसरा हात. हे काम मान वर करून करावं लागतं आणि त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं, कारण छत मुळात घाण दिसतच नव्हतं.

दुसरा हात वेगळ्या द्रावणाचा, आणि या धंद्यातली खरी अक्कल इथे लागते. चिकट थर साबणाच्या, अल्कधर्मी क्लीनरनं सुटतो. निकोटिन मात्र सौम्य आम्लात नीट विरघळतं, कारण आम्ल लागलं की त्याचा क्षार होतो, तो पाण्यात उतरतो आणि हवेत उडायचा थांबतो. तेव्हा पहिला हात क्लीनरचा, मग साध्या पाण्याचा, मग पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरचा किंवा सायट्रिक आम्लाचा. व्हिनेगरचा स्वतःचा वास एकदोन दिवसांत उडून जातो. व्हिडिओ बघून आलेले उत्साही लोक व्हिनेगर आणि सोडा एका बाटलीत कालवतात. फेस छान येतो, आणि खाली उरतं ते जवळजवळ निकामी मिठाचं पाणी. त्यात गंमत तरी आहे. आम्लासोबत ब्लीच वापरण्यात मुळीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो माणसाला आडवा करू शकतो.

काचा आतून पुसल्या की पिवळसर थर निघतो, तो सगळ्यांना दिसतो म्हणून सगळे पुसतात. सीटबेल्ट कुणी पुसत नाही. तो शेवटपर्यंत ओढायचा, परत आत जाऊ नये म्हणून चिमटा लावायचा, सौम्य साबणानं धुवायचा आणि ताणलेलाच वाळवायचा. ब्लीच किंवा कडक रसायन पट्ट्याला लावायचं नाही, कारण अपघातात त्याच्यावरच भिस्त असते.

सीट काढाव्यात की नाही, यावर या धंद्यात दोन तट आहेत. हा डिटेलर काढण्याच्या बाजूचा. सीटखालच्या कार्पेटमध्ये राख असते, क्वचित जळकं थोटूकही. मात्र सीटखालच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात. बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून मगच त्यांना हात लावायचा; ज्याला हे माहीत नाही त्यानं सीट जागेवर ठेवूनच काम करावं. सीटवर पाणी मारून एक्स्ट्रॅक्टरनं खेचून घेणं उन्हाळ्यात सोपं, श्रावणात जोखमीचं. फोम आत ओला राहिला तर सिगारेटच्या वासाच्या जागी बुरशीचा वास येतो आणि तो घालवणं याहून कठीण. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ‘उद्या पूजा आहे, संध्याकाळपर्यंत द्या’ म्हणणाऱ्यांना तो सरळ परत पाठवतो.

मग एसी. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि ट्रॅफिकमध्ये सगळे आतलीच हवा आत फिरवणारं बटण दाबून ठेवतात. आत सिगारेट पेटली, की तोच धूर ब्लोअरमधून पुन्हापुन्हा ओढला जातो आणि डॅशबोर्डच्या मागे असलेल्या ओल्या, गार कूलिंग कॉइलच्या पात्यांवर बसतो. गाडी आतून चकाचक करूनही एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं कुबट, राखेसारखा वास येतो, तो इथला. बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. अनेक जुन्या, स्वस्त मॉडेलांत तो नसतोच, म्हणजे सगळं थेट कॉइलवर. जुना फिल्टर काढून टाकायचा, कॉइलवर फेसाळ क्लीनर सोडायचा, तो पाण्याच्या नळीतून खाली गळू द्यायचा, मग काचा उघडून ब्लोअर बाहेरच्या हवेवर जोरात चालवायचा. नवा फिल्टर, शक्यतो सक्रिय कोळशाचा, सगळ्यात शेवटी. बरीच गॅरेजं नवा फिल्टर आधी बसवतात आणि मग फेस मारतात. फिल्टरचे पैसे पाण्यात.

ओझोन यंत्राबद्दल या डिटेलरचं मत बाजारापेक्षा वेगळं आहे. ‘अर्ध्या तासात वास गायब’ अशी पाटी लावून हे यंत्र सर्रास चालवलं जातं. ओझोन वासाच्या रेणूंना तोडतो, हे खरं. पण तो थराच्या वरच्या पापुद्र्यालाच भिडतो, खालचा थर शाबूत राहतो. शिवाय निकोटिनशी त्याची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि नैसर्गिक रबराला तो तडे पाडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं म्हणणं असं, की माणसाला सोसवेल इतक्या ओझोननं खोलीतले प्रदूषक फारसे हटत नाहीत. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी आठ तासांची मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. यंत्र चालू असताना गाडीत ती केव्हाच ओलांडली जाते. त्यामुळे तो यंत्र वापरतो ते सगळं घासून झाल्यावर, उरल्यासुरल्या वासापुरतं. आत कुणी नाही आणि नंतर दारं उघडून भरपूर वारा, ही त्याची अट. घासण्याऐवजी यंत्र लावणाऱ्याला तो कारागीर मानत नाही. थोडा कडवटपणा आहे त्याच्या बोलण्यात, पण मुद्दा चुकीचा नाही.

आपल्याकडे सार्वजनिक वाहनांत सिगारेट ओढायला 2003 च्या कायद्यानं आणि ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी बंदी आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. खासगी गाडीचा मालक आपल्या गाडीत काय करतो, यावर या कायद्याचं बोट नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर 2015 पासून अठरा वर्षांखालचं मूल सोबत असेल तर खासगी गाडीतही मनाई आहे. आपल्याकडे सार्वजनिक वाहनांत बंदी असली तरी टूरिस्ट टॅक्सी म्हणून फिरून आलेल्या गाड्याही या गाळ्यात धूर घेऊन येतातच. स्टँडवर ताटकळणाऱ्या ड्रायव्हरला विचारायला कोण येतंय? त्यांच्यात बिडीचा वास असतो, आणि तेंदूच्या पानाचा जळका, झाडपाल्यासारखा दर्प सिगारेटहून वेगळा ओळखू येतो.

काम झालं हे ठरवायचं कुणी? स्वतःच्या नाकावर हा डिटेलर अवलंबून राहत नाही, दिवसभर त्यातच बसल्यावर ते कामातून गेलेलं असतं. गाडी बंद करून उन्हात लावायची, दोन दिवसांनी ज्यानं कधी सिगारेट ओढली नाही अशा कुणाला तरी दार उघडायला लावायचं. बहुतेक वेळा शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या काकूंना बोलावणं जातं. त्यांनी नाक मुरडलं की गाडी पुन्हा आत.

काही गाड्या तो घेतच नाही. लायनिंग आधीच लोंबलेलं, फोम पिवळा, मागचा मालक दहा वर्षं रोज पाकीटभर ओढणारा, अशा वेळी तो सांगतो की लायनिंग आणि कार्पेट बदला, आणि ते गाडीच्या किमतीत बसत नसेल तर गाडी सोडा. शंभर टक्क्यांची हमी तो कुणालाच देत नाही.

सॅन दिएगोच्या त्याच संशोधकांनी किमतीही पाहिल्या होत्या: सिगारेट ओढणाऱ्यांच्या गाड्यांना मालक मागत होते ती किंमतच कमी होती. आपल्याकडच्या जाहिरातीत ‘सिंगल ओनर’ असतं, ‘डॉक्टरांची गाडी’ असतं, टायर किती टक्के शिल्लक तेही असतं. आत कुणी सिगारेट ओढली का, हे कुणी लिहीत नाही आणि कुणी विचारत नाही. म्हणून अलीकडे हा डिटेलर गिऱ्हाइकांना टोकन देण्याआधीच गाडी दाखवायला सांगतो. छत, कॉइल, फिल्टर, सीट असा खर्च एका कागदावर लिहून देतो आणि गिऱ्हाईक तो कागद एजंटापुढे ठेवतं. कधी भाव उतरतो, कधी व्यवहार मोडतो आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या रविवारी दुसरी गाडी घेऊन येतं. तपासणीचे पैसे दोन्ही वेळा लागतात.