खोटा मासा

मागच्या महिन्यात पुण्यात भाचीच्या मुलीचं बारसं झालं. त्यासाठी आमच्या घरातला, कर्नाटकातल्या कलघटगीचा पाळणा माळ्यावरून खाली काढला. वर्षानुवर्षांची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, गच्चीत उन्हं दाखवली, आणि लाख तापल्यावर तो वास आला. थोडा गोडसर, थोडा जळका. बायका पाळण्याच्या फळीवरचा कृष्ण बघत होत्या. त्या पाळण्यात निजलेलं आमच्यापैकी कुणीतरी मला आठवायला हवं होतं. आठवला तो मामाचा मासा.

बोटापेक्षा थोडा जाड, लाकडी. पोटाखाली तीन-तीन आकड्यांचे दोन गळ. तोंडातून पुढं आलेली पारदर्शक जीभ, जवळजवळ अंगाइतकीच लांब. मामाचा एक वर्गमित्र अमेरिकेत टेनेसीला नोकरीला होता, तो हा घेऊन आला. तिकडं याला क्रँकबेट म्हणतात आणि यानं बास नावाचा मासा धरतात. आमच्या घरात त्याचं नाव खोटा मासा. आमच्या नीरसागर धरणात बास नाही, बेडती नदीतही नाही. हे त्या वर्गमित्राला माहीत असणारच, पण भेट द्यायची म्हटल्यावर माणूस एवढा विचार करत नाही.

हे यंत्र मोठं हुशार. सोडून दिलं की तरंगतं. रीळ फिरवायला लागलं की पाणी त्या जिभेवर दाब देतं, डोकं खाली जातं, आणि अंग डावीउजवीकडं थरथरत खोल खोल शिरतं. जीभ लांब, तंगूस बारीक आणि फेक दूरची असेल तितकं ते जास्त खोल जातं. दगडाला आपटलं की आधी जीभच आपटते, त्यामुळं गळ सहसा अडकत नाहीत. अशा वेळी रीळ क्षणभर थांबवायचं. लाकूड आपोआप मागं सरकून वर येतं. वसंताच्या तोंडाशी, पाणी अजून गारठलेलं असताना, तिकडचा बास हिवाळ्यातली खोल जागा सोडून अंडी घालायच्या उथळाकडं निघालेला असतो. वाटेत तो बुडालेल्या ओढ्याच्या वळणावर, खडकाच्या टोकाशी थांबतो. दगडाला धडकून अचानक तिरपं उडालेलं काहीतरी समोर आलं की भूक असो नसो, तोंड टाकतो.

आमच्याकडं त्या सुमारास शिवरात्र. पळस पेटलेला, भाताच्या शेतांत नुसती धसकटं, दुपारी पाणी पोहण्याइतकं कोमट. आणि आमचा शिकारी मासा म्हणजे मरळ. तो शेवाळात, गवताच्या काठाला दबा धरून बसणार, मध्येच वर येऊन हवेचा घोट घेणार. त्याला धरायचं तर बेडूक लावून उथळातच बसावं लागतं. खोल बुडणारं हे आमिष त्याच्या काय कामाचं? मामाला हे पहिल्याच मोसमात कळलं असणार. तरी तो दर वर्षी पाणी ओसरायला लागलं की धरणाच्या काठाला जायचा आणि मला न्यायचा.

मला आठवतं ते एवढंच. मामा ओल्या चिखलात गुडघ्यावर बसलाय, काठीचं टोक कोपरभर पाण्यात खुपसलंय, रीळ हळूहळू फिरतंय. मला म्हणतो, "तंगुसाला बोट लाव." मी लावतो. आधी नुसती बारीक थरथर. मग काहीच नाही, म्हणजे गाळ. मग टक, टक, टक. "बांध," मामा म्हणतो. परत गाळ. मग एक जड, बोदा धक्का. "हे चिंचेचं खोड. आता पांद येईल बघ." आणि खरंच थरथर मोकळी होते, आमिष खोलात उतरतं. "आता थांब. विहीर." मी श्वास रोखतो.

नीरसागर १९५० च्या दशकातला, हुबळीला पाणी द्यायला बेडतीवर बांधलेला. मामानं त्याआधी पोरवयात त्या जमिनीवर गुरं राखली होती. धरणात शेत गेलं असं तो कधी म्हणायचा नाही. शेत "खाली राहिलं" म्हणायचा.

गुडघ्यावर बसून काठी पाण्यात खुपसण्याची ही तऱ्हा मामानं स्वतःच शोधली होती. आमिष आणखी थोडं खाली जावं म्हणून. पुढं माझ्या वाचनात आलं की १९८२ साली अलाबामा नदीवर झालेली बासमास्टर क्लासिक ही मोठी स्पर्धा पॉल एलायस नावाच्या गड्यानं नेमकी अशीच गुडघे टेकून जिंकली आणि त्या बसण्याला तिकडं नाव पडलं. मामाला सांगितलं. तो म्हणाला, "त्याला मासा मिळाला असंल की."

टेनेसीचंही वाचलं. तिथल्या फ्रेड यंगनं पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला असताना बाल्सा लाकडाचा एक पोटाळ मासा कोरला. भावाच्या टोपणनावावरून त्याला 'बिग ओ' म्हणू लागले. हातानं कोरलेले ते मासे इतके दुर्मीळ की स्पर्धेला जाणारे ते भाड्यानं घेत. १९७३ मध्ये कॉटन कॉर्डेलनं ते प्लास्टिकमध्ये काढले आणि घरोघर पोचवले. तो मासा उथळात चालणारा. लांब जिभेची पिलावळ नंतरची. पण मला त्यात लागलं ते दुसरंच. त्या भागातली तळी म्हणजे धरणंच. १९३६ साली पुरं झालेलं नॉरिस धरण, त्यासाठी उठवलेली सुमारे २,९०० कुटुंबं. लॉयस्टन नावाचं गाव पाण्यात गेलं, आणि तळ्याच्या त्या रुंद भागाला लोक अजून लॉयस्टन सागर म्हणतात. बुडालेल्या ओढ्याच्या वळणावर बास थांबतो, असं मी वर सहज लिहून गेलो. ते वळण तिथं कुणाच्या तरी शेताच्या कडेला होतं.

दगडांवर आपटून आपटून मामाच्या माशाचा रंग गेला. तोही बाल्साचाच, आणि बाल्सा उघडं पडलं की पाणी पितं. मामानं तो कलघटगीत पाळणे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या चित्रकाराकडं नेला. त्यानं मासा तळहातावर तोलला, नखानं दाबला आणि म्हणाला, सावर. अगदीच चुकला नाही; बाल्सा आपल्या सावरीच्याच कुळातलं झाड. फिनलंडच्या लाउरी रापालानं १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरून त्यावर चॉकलेटची चांदी चढवली होती आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला होता. आमच्या चित्रकाराकडं लाख होती. त्यानं पाठ तांबडी केली, पोट पिवळं, कडेनं पाळण्याच्या काठावर असते तशी बारीक वेल. मग डोळे काढले. माशाचे गोल डोळे नव्हेत. लांब, कानापर्यंत गेलेले, काजळ घातलेले, कृष्णाला काढतात ते. गळ लटकवलेला, जीभ बाहेर काढलेला आणि असे डोळे असलेला तो मासा एकाच वेळी देवासारखा आणि सोंगासारखा दिसायचा. पैसे किती, विचारल्यावर म्हातारा म्हणाला, पाळण्याच्या उरलेल्या रंगाचे कसले पैसे.

इथं मला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर मध्ये आणायचाच आहे, जागा असो नसो. त्याचा 'मानसोल्लास' ११२९ च्या सुमाराचा. आमचा हा सगळा मुलूख तेव्हा त्याचा. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद असा वेगळा अध्याय आहे. माशांच्या जाती, कुणाला काय चारायचं, गळ कसा टाकायचा, सगळं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहून जगाला सांगितलं की गळाची विद्या इथंही जुनी आहे. याच ग्रंथाच्या संगीताच्या भागात थोड्या मराठी ओळीही सापडतात, आपल्या भाषेच्या अगदी जुन्या नोंदींपैकी. त्यातल्या एका कडव्यात विष्णू मत्स्यरूपानं रसातळातून वेद वर आणतो. कन्नड मुलखातल्या राजाच्या संस्कृत ग्रंथात मराठी उमटते आणि तीही तळाशी गेलेल्या माशाबद्दल बोलते, याचा मला फार आनंद आहे. कलघटगीत मराठी बोलत वाढलेल्या माणसाला असे आनंद जपावे लागतात.

सोमेश्वर मासे खिलवून जवळ आणायचा. मामाला ते जमलं नसतं, कारण नीरसागरात काहीही टाकलं की आधी चिलापी धावते. चिलापीवर माझा राग आहे, तो मी लपवत नाही. मूळची आफ्रिकेतली, १९५२ मध्ये आपल्याकडं आणली, आणि आता प्रत्येक तळ्यात तीच. पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून लोक कौतुक करतात. पिल्लं मरळही सांभाळतो; तांबूस पिल्लांचा घोळका वर आणि आईबाप खाली पहाऱ्यावर. तो घोळका बघून नेमका तिथं गळ टाकणारे शूर मी पाहिलेत. मामानं त्यांच्यातल्या एकाशी बोलणं टाकलं होतं, आणि तो आमच्या नात्यातला होता.

पुढं पुढं तंगुसावरचे धक्के कमी झाले. मला वाटायचं माझंच बोट निबर झालं. मामा म्हणायचा, "बांध बुजला." पुढल्या खेपेला खोड गेलं. वरच्या शेतांतली माती दर पावसाळ्यात येऊन बसत होती. धरणात गाळ किती साचला हे मोजायची यंत्रं असतात म्हणे; आमच्याकडं कृष्णाचे डोळे असलेला एक मासा होता, आणि तो घटका घटका मुका होत चालला होता.

मग लागोपाठचे दुष्काळ आले. २०१७ च्या उन्हाळ्यात नीरसागर आटला. मामा सत्तरी ओलांडलेला. म्हणाला, "चल, दाखवतो तुला सगळं." आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत आत गेलो. मला वाटलं होतं तो भराभर पुढं होईल, हा बांध, ही पांद करत. तो मध्यावर थांबला. चारी बाजूंना बघितलं. टोपी काढली, परत घातली. ज्यानं डोळे मिटून हा तळ बोटांवर वाचला होता त्याला उघड्या डोळ्यांना काही लागेना. बांध नाही, खोड नाही, नुसती सपाट राखाडी जमीन.

एक गवळी धनगर पोरगा म्हशी घेऊन आला. त्यांच्या बोलीतल्या मराठीत त्यानं विचारलं, आजोबा, काय हरवलं? मामा म्हणाला, विहीर. पोरगा हसला. हितं कुठली विहीर, म्हणाला. असती तर आमची म्हस पडली नसती? मामा चिडला. पलीकडच्या बाभळीकडं हात करून म्हणाला, तिथनं दीडशे पावलं. पोरगा म्हणाला, ती बाभूळ तर परवाची. शेवटी मामा माझ्याकडं वळला. "तू सांग. तुझं बोट होतं की तंगुसावर."

मी अंदाजानं एका बाजूला दाखवलं. पोरग्यानं मान हलवली. तिथं पाणी हटल्याबरोबर त्याच्या चुलत्यानं कलिंगडं लावली होती. विहीर असती तर पहार लावताना लागली असती. कलिंगडं म्हटल्यावर मामानं विचारलं, हुबळीच्या बाजारात काय भाव मिळाला. पोरग्यानं सांगितला. मामा म्हणाला, फसवलं तुम्हाला, माझ्या ओळखीचा अडत्या आहे, पुढल्या खेपेला मला विचारा. मग त्या दोघांचं गाळाच्या जमिनीला खत लागतं की नाही यावर सुरू झालं, आणि मी म्हशींच्या मागून काठाकडं निघालो.